बेसिक कुदुखोव्ह: आपल्या बातमीतला दुसरा माणूस

ऑगस्ट २०१६च्या अखेरीस भारतातल्या जवळजवळ सगळ्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्तला मिळालेलं कांस्य आता रौप्य होणार. का? तर ज्याने रौप्य जिंकलं होतं त्या रशियन मल्लाचा साठवून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला गेला आणि त्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं. बातमीत त्याचं नाव होतं, बेसिक कुदुखोव्ह. पुढच्या ओळीत असायचं की तो डिसेंबर २०१३मध्ये मोटार अपघातात वारला. त्यानंतर बातमी पुन्हा योगेश्वरकडे वळायची.

लगेचच योगेश्वरने जाहीर केलं की कुदुखोव्ह मोठा पैलवान होता, शक्य असेल तर ते पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्यावं. देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्या कौतुकात कुदुखोव्ह हा माणूस कोण, कुठला, त्याने काय केलं होतं, हे विचारायचं राहून गेलं. आपल्यासाठी तो एका चांगल्या गोष्टीतलं निमित्त होता.

पॉडकास्टच्या चर्चांमध्ये आम्ही वारंवार एका मुद्द्यावर येतो: एखादी नोंद कोणाच्या सोयीने लिहिली जाते? कुदुखोव्हची कारकीर्द हे त्याचं फार स्वच्छ उदाहरण आहे. त्याच्यावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन वेगवेगळ्या नोंदी आहेत, आणि तिन्हींमध्ये तो अर्धामुर्धाच दिसतो. या निबंधात त्या तिन्ही एकत्र ठेवून बघूया.

डोंगराच्या अल्याड, पल्याड

कॉकेशस पर्वताच्या मुख्य रांगेच्या दोन्ही उतारांवर ओसेटियन लोक राहतात. उत्तरेकडचा भाग म्हणजे रशियातलं नॉर्थ ओसेटिया, राजधानी व्लादिकावकाझ. दक्षिणेकडचा म्हणजे साऊथ ओसेटिया, राजधानी त्सखिनवाली. त्यांची भाषा इराणी शाखेतली, म्हणजे लांबून का होईना मराठीची नातलग. आजूबाजूला मात्र जॉर्जियन, चेचेन, इंगुश अशा पूर्ण वेगळ्या कुळांतल्या भाषा. नॉर्थ ओसेटियाची लोकसंख्या साधारण सात लाख, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी. साऊथ ओसेटियात तर पन्नास हजारांच्या आसपासच माणसं.

एवढ्याशा लोकसंख्येतून आलेले मल्ल मोजायला बसलं की माणूस थक्क होतो. सोस्लान आंदिएव्ह: १९७६ आणि १९८०, सर्वात जड वजनगटात दोन ऑलिंपिक सुवर्णं. आर्सेन फादझाएव्ह: १९८८ आणि १९९२ची सुवर्णं, शिवाय सहा वेळा जगज्जेता. माखारबेक खादार्त्सेव्ह: त्याच दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, १९९६मध्ये रौप्य, पाच वेळा जगज्जेता. २००४मध्ये खाजिमुराद गत्सालोव्ह. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तर १३० किलो गटाच्या अंतिम लढतीत रशियाकडून दाविद मुसुल्बेस आणि उझबेकिस्तानकडून आर्तुर तैमाझोव्ह समोरासमोर आले. कागदावर दोन देश लढत होते. मॅटवरचे दोघंही ओसेटियन होते.

हे असं का घडतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण कुदुखोव्हच्या कारकिर्दीची चौकट त्यातच आहे. ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल जाऊ शकतो. सोव्हिएत काळापासून ओसेटिया आणि शेजारचं दागेस्तान या दोन छोट्या प्रदेशांत फ्रीस्टाइल कुस्तीची इतकी दाट पेरणी झाली की एकेका वजनात जगातल्या पहिल्या दहात बसतील असे तीन-चार जण एकाच जिल्ह्यात सापडावेत. त्यातला एक रशियाच्या संघात जातो. बाकीचे थांबतात, सोडून देतात, किंवा दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतात. म्हणून आझरबैजान, उझबेकिस्तान, स्लोव्हाकिया अशा संघांत ओसेटियन नावं दिसतात. रशियन संघात जागा मिळवणं हेच जागतिक पदकापेक्षा अवघड असं तिथे म्हणतात, आणि आकडे बघितले तर ती फुशारकी वाटत नाही.

एका युद्धाच्या शेजारी

बेसिक कुदुखोव्ह डोंगराच्या दक्षिणेकडचा. जन्म १५ ऑगस्ट १९८६, त्सखिनवाली. तेव्हा साऊथ ओसेटिया हा सोव्हिएत जॉर्जियातला स्वायत्त प्रांत होता. 'बेसिक' हे नावसुद्धा जॉर्जियात आणि आसपास चालणारं. आपल्या कानाला इंग्रजी वाटतं एवढंच. म्हणजे ओसेटियन आडनाव, जॉर्जियन वळणाचं नाव, सोव्हिएत जन्मदाखला. पुढे या तिन्हींमध्ये भांडण लागलं तेव्हा तो पोरवयात होता.

डिसेंबर १९९०मध्ये जॉर्जियाने प्रांताची स्वायत्तता रद्द केली, जानेवारी १९९१मध्ये लढाई पेटली आणि जून १९९२च्या शस्त्रसंधीपर्यंत ती चालली. हजारो ओसेटियन कुटुंबं बोगद्यातून उत्तरेकडे गेली, साऊथ ओसेटियातली जॉर्जियन कुटुंबंही विस्थापित झाली. दक्षिणेत जन्मलेल्या ओसेटियन पोराला मोठी कुस्ती करायची तर रस्ता उत्तरेकडेच जात होता, रशियाच्या संघाकडे.

२००७ साली बाकूमध्ये जागतिक स्पर्धा झाली. कुदुखोव्हने ५५ किलोमध्ये सुवर्ण जिंकलं. वय २१. ५५ किलो म्हणजे अगदी हलका गट, डोळ्याला दिसायच्या आत पट निघालेला असतो. पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक होतं आणि जगज्जेता म्हणून तो तिथे जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

आता तारखा नीट बघा. ७ ऑगस्ट २००८च्या रात्री जॉर्जियन सैन्याने त्सखिनवालीवर हल्ला चढवला. ८ ऑगस्टला रशियन सैन्य बोगद्यातून दक्षिणेत उतरलं. त्याच दिवशी संध्याकाळी बीजिंगमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन. १२ ऑगस्टला लढाई थांबली. १५ ऑगस्टला कुदुखोव्ह २२ वर्षांचा झाला. १९ ऑगस्टला ५५ किलोच्या लढती. तो उपांत्य फेरीत जपानच्या तोमोहिरो मात्सुनागाकडून हरला आणि नंतर कांस्य जिंकलं. सुवर्ण अमेरिकेच्या हेन्री सेहुदोला गेलं. २६ ऑगस्टला रशियाने साऊथ ओसेटियाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, जी आजही जगातल्या मोजक्याच देशांनी दिलेली आहे.

जन्मगावावर तोफा चालल्या त्याला दोन आठवडेही झाले नव्हते आणि हा मुलगा मॅटवर उभा होता. त्याच्या मनात काय होतं हे मला माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण त्या ऑलिंपिकमधून युद्धाची जी आठवण जगाने ठेवली ती वेगळीच आहे. १० ऑगस्टला नेमबाजीच्या पदक-मंचावर रशियाची नताल्या पादेरिना आणि जॉर्जियाची निनो सालुकवाद्झे यांनी एकमेकींना मिठी मारली. तो फोटो जगभर गेला, रशिया आणि जॉर्जिया, दोन देश, एक मिठी. ज्या जागेवरून युद्ध पेटलं तिथला माणूस त्या फोटोत नव्हता, कारण ऑलिंपिकच्या हिशेबात त्याला देशच नव्हता.

कुस्तीच्या पदक-मंचावर मात्र तो माणूस होता. कुदुखोव्हच्या लढतींनंतर दोन दिवसांनी ८४ किलोमध्ये जॉर्जियाच्या रेवाझ मिंदोराश्विलीने सुवर्ण जिंकलं. त्याच मंचावर कांस्य घेऊन रशियाचा गिओर्गी केतोएव्ह उभा होता. केतोएव्ह ओसेटियन. जॉर्जियन आणि ओसेटियन एकाच मंचावर, त्याच ऑगस्टमध्ये. मंचावर वाजलं जॉर्जियाचं राष्ट्रगीत, आणि केतोएव्हच्या जर्सीवर 'रशिया' लिहिलेलं. पदकतक्त्याच्या भाषेत ओसेटिया हा शब्दच बसत नाही. ही झाली पहिली अर्धी नोंद.

सलग तीन वर्षं

बीजिंगनंतर कुदुखोव्ह ५५ वरून ६० किलोमध्ये गेला. पाच किलो ऐकायला थोडे वाटतात. तालमीत राहिलेल्या माणसाला विचारा, हलक्या गटात पाच किलो म्हणजे वेगळं जग असतं. समोरचे उंच, त्यांचे हात लांब, पकड जड. शिवाय रशियात ६० किलो ही जागा दागेस्तानच्या मावलेत बतिरोव्हची ओळखीची जागा होती. बतिरोव्हने अथेन्सला ५५ किलोत आणि बीजिंगला ६० किलोत सुवर्ण जिंकलेलं.

२००९, हेर्निंग, डेन्मार्क: सुवर्ण. २०१०, मॉस्को: सुवर्ण. २०११, इस्तंबूल: सुवर्ण. सलग तीन वर्षं ६० किलोचा जगज्जेता एकच माणूस. २००७ धरून चार जागतिक सुवर्णं, दोन वेगवेगळ्या वजनांत. ज्या देशात संघात जागा टिकवणं हीच लढाई, तिथे ही सलग वर्षं फार बोलकी आहेत, कारण प्रत्येक जागतिक सुवर्णाआधी घरातल्या चाळणीतून पुन्हा जावं लागतं.

त्या काळातले नियमही लक्षात घ्यायला हवेत. २००५ ते २०१३ या वर्षांत फ्रीस्टाइल लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत होत असे, आणि ज्याने दोन फेऱ्या जिंकल्या तो विजयी. फेरी शून्य-शून्य राहिली तर पिशवीतून चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याच्या हातात प्रतिस्पर्ध्याचा पाय आयता द्यायचा आणि तिथून पुढे खेळायचं. म्हणजे नशीब थेट नियमात लिहिलेलं. अशा पद्धतीत बलाढ्य मल्लसुद्धा दोन वाईट मिनिटांत घरी जायचे. सलग तीन वर्षं कोणी जिंकत राहणं म्हणजे तो नशिबाला फार थोडी जागा ठेवत होता.

११ ऑगस्ट २०१२

आता आपल्या ओळखीच्या दिवसावर येऊ. लंडन, एक्सेल सभागृह. पहिल्या फेरीत योगेश्वरने बल्गेरियाच्या आनातोली ग्विदेयाला हरवलं. पुढची लढत कुदुखोव्हशी. योगेश्वर दोन्ही फेऱ्या हरला. तिथे त्याचं ऑलिंपिक संपायला हवं होतं.

संपलं नाही, ते रेपेचेजमुळे. हा नियम आपण नेहमी 'दुसरी संधी' म्हणून सांगतो, पण त्यातली अट महत्त्वाची आहे. ती संधी हरलेल्या सगळ्यांना मिळत नाही. जे अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरले त्यांनाच मिळते. कुदुखोव्ह जिंकत गेला, अंतिम फेरीत पोचला, म्हणून योगेश्वरला परत बोलावलं गेलं. कुदुखोव्ह उपांत्य फेरीत घसरला असता तर योगेश्वर दत्तचं कांस्य नाही.

संध्याकाळी योगेश्वर सुजलेला डोळा घेऊन परत मॅटवर आला. आधी पोर्तो रिकोचा फ्रँकलिन गोमेझ. मग इराणचा मसूद इस्माईलपूर. मग कांस्यासाठी उत्तर कोरियाचा री जोंग-म्योंग. तिघांनाही हरवलं. शेवटच्या लढतीत समोरच्याच्या घोट्यांना पीळ घालून त्याला मॅटवर एकामागून एक गुंडाळत नेलं. तो डाव आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर अजून असेल.

आता तक्ता परत वाचा. गोमेझ, इस्माईलपूर, री: हे तिघं रेपेचेजच्या त्या बाजूला का होते? कारण तेही कुदुखोव्हकडून हरलेले होते. गोमेझ हा तर आदल्या वर्षी इस्तंबूलच्या जागतिक स्पर्धेतला रौप्यविजेता. म्हणजे त्या दिवशी तक्त्याची ती अख्खी बाजू कुदुखोव्हने एकट्याने पार केली होती, आणि योगेश्वरने संध्याकाळी जी लढाई जिंकली ती कुदुखोव्हकडून हरलेल्यांमधली होती. यात योगेश्वरचं काहीही कमी होत नाही, तासा-दीड तासात तीन लढती जिंकणं ही काय चीज आहे हे कुस्ती बघणाऱ्याला सांगायला नको. पण आपल्या आठवणीत तो दिवस योगेश्वरचा आहे, आणि तक्त्यात तो कुदुखोव्हचा आहे.

अंतिम लढतीत कुदुखोव्ह आझरबैजानच्या १९ वर्षांच्या तोग्रुल असगारोव्हकडून हरला. चार वेळा जगज्जेता आणि ऑलिंपिक सुवर्ण नाही. त्याच्या लोकांनी त्या दिवशी हळहळ केली असेल. आपण त्या दिवशी फटाके वाजवले.

मराठी वाचकाला या मांडणीत एक जुना धागा दिसेल. १९५२, हेलसिंकी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकतात, कांस्य. त्यांना हरवणाऱ्यांत सोव्हिएत संघाचा रशीद ममादबेयोव्ह होता, आझरबैजानचा, म्हणजे कॉकेशसचाच. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिंपिक. खाशाबांची गोष्ट आपण घरोघरी सांगतो, सांगायलाच हवी. पण ममादबेयोव्ह त्यात फक्त खाशाबांच्या वाटेतला दगड म्हणून येतो. साठ वर्षांनी कुदुखोव्हचं तेच झालं. ही दुसरी अर्धी नोंद.

नमुना

२९ डिसेंबर २०१३ रोजी, दक्षिण रशियात क्रास्नोदार प्रांतातल्या आर्माविर शहराजवळ, महामार्गावर कुदुखोव्हच्या गाडीची ट्रकशी टक्कर झाली. तो जागीच गेला. वय २७.

त्याच सुमारास कुस्तीने आपली घडी बदलली. फेब्रुवारी २०१३मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीच वगळायची शिफारस केली होती. सप्टेंबरमध्ये ती परत घेतली गेली, पण दरम्यान नियम बदलले आणि २०१४पासून वजनगटही. ऑलिंपिकमधून ६० किलो हा गटच नाहीसा झाला. ५७ नंतर थेट ६५. योगेश्वर रिओमध्ये ६५ किलोत उतरला तो त्यामुळे.

२१ ऑगस्ट २०१६. रिओत योगेश्वर पहिल्याच लढतीत मंगोलियाच्या मंदाखनारानकडून हरला. त्याच दिवशी त्याच गटाच्या अंतिम लढतीत तोग्रुल असगारोव्ह, म्हणजे लंडनला कुदुखोव्हला हरवणारा, रशियाच्या सोस्लान रामोनोव्हकडून ०-११ असा सपशेल हरला. रामोनोव्हचं जन्मगाव त्सखिनवाली. एका गावच्या माणसाचं हुकलेलं सुवर्ण त्याच गावच्या माणसाने त्याच प्रतिस्पर्ध्याकडून काढून आणलं, असं तिथे कोणी म्हटलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. भारतात त्या दिवशी फक्त योगेश्वरच्या पराभवाची बातमी होती. आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत कुदुखोव्हच्या नमुन्याची बातमी आली.

इथे थोडं शास्त्र. ऑलिंपिकमध्ये घेतलेले नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवले जातात, म्हणजे पुढे नव्या चाचण्या निघाल्या की परत तपासता येतात. २०१६च्या फेरतपासणीत सगळ्यात जास्त सापडलेल्या द्रव्यांपैकी एक म्हणजे ट्युरिनाबोल. हे पूर्व जर्मनीतलं स्टेरॉइड, तिथल्या सरकारी उत्तेजक-कार्यक्रमातलं. पूर्वीच्या चाचण्यांत ते घेतल्यावर थोड्याच दिवसांत दिसेनासं व्हायचं. २०१२च्या सुमारास त्याचे शरीरात दीर्घकाळ राहणारे अंश ओळखणारी पद्धत प्रसिद्ध झाली, आणि लंडन-बीजिंगच्या बाटल्यांतून नावं बाहेर पडू लागली. ती पद्धत शोधणाऱ्यांत मॉस्कोच्याच प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रोदचेंकोव्ह होते, ज्यांनी पुढे रशियाचा सरकारी उत्तेजक-कारभार स्वतःच उघड केला. कुदुखोव्हच्या लंडनच्या नमुन्यात सापडलं ते ट्युरिनाबोलच.

पुढे काय? नमुना सदोष निघाला म्हणजे प्रकरण संपत नाही. खेळाडूला नोटीस जाते, तो दुसरी बाटली उघडायची मागणी करू शकतो, बाजू मांडतो, अपील करतो. कुदुखोव्ह यातलं काहीही करू शकत नव्हता. ऑक्टोबर २०१६च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मृत व्यक्तीविरुद्ध कारवाई चालवता येत नाही म्हणून प्रकरण बंद केलं. पदक जिथे होतं तिथेच राहिलं. योगेश्वरचं कांस्य कांस्यच राहिलं.

जिवंत असलेल्यांचं काय झालं ते शेजारी ठेवून बघा. बीजिंगच्या ६० किलो गटातला रौप्यविजेता, युक्रेनचा वासिल फेदोरिशिन, आणि १२० किलोचा विजेता, ओसेटियात जन्मलेला आर्तुर तैमाझोव्ह: दोघांच्याही नमुन्यांत ट्युरिनाबोल, २०१७मध्ये दोघांचीही पदकं गेली. तैमाझोव्हचं लंडनचं सुवर्णही २०१९मध्ये गेलं. त्या लंडनच्या गटात अंतिम फेरीत त्याच्यासमोर असलेला जॉर्जियाचा दावित मोद्झमानाश्विलीही अपात्र ठरला, आणि शेवटी दोन्ही कांस्यविजेत्यांना, इराणच्या कोमेल गासेमीला आणि रशियाच्या बिल्याल माखोव्हला, सुवर्ण द्यावं लागलं. एका गटात दोन सुवर्णं.

कुस्तीत हा गुंता अटळ आहे. धावण्याच्या शर्यतीत एकाला काढलं की मागचे सगळे एकेक पायरी वर सरकतात, सगळे एकाच वेळी धावलेले असतात. कुस्तीत तसं होत नाही. कुदुखोव्हला तक्त्यातून काढलं तर त्याने हरवलेल्या चौघांपैकी कोणी कोणाला हरवलं असतं? गोमेझला आधी दुसरा प्रतिस्पर्धी मिळाला असता तर? आणि लंडनला कांस्य दोघांना मिळालं होतं, योगेश्वर आणि अमेरिकेचा कोलमन स्कॉट. रौप्य एकालाच का? योगेश्वरने पदक नको म्हटलं ते त्याच्या वाट्याबद्दल. गोमेझ, इस्माईलपूर आणि री यांचा त्या दिवसावर काही हक्क होता का, हे कोणी विचारलं नाही, आणि योगेश्वर त्यांच्या वतीने उदार होऊ शकत नव्हता.

मग लिहायचं काय?

ही तिसरी नोंद, आणि इतिहास लिहिणाऱ्यासाठी सगळ्यात अवघड. अधिकृत तक्ता म्हणतो: रौप्य, कुदुखोव्ह, रशिया. प्रयोगशाळेचा कागद म्हणतो: ट्युरिनाबोल. दोन्ही खरे आहेत. त्यांच्यामध्ये जी सुनावणी व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि आता कधीच होणार नाही.

दोन सोपे मार्ग आहेत. एक म्हणजे 'शेवटी सगळे रशियन तसलेच' म्हणून चारही जागतिक सुवर्णांवर काट मारायची. पण सदोष निघालेला नमुना लंडनचा आहे. बाकू, हेर्निंग, मॉस्को, इस्तंबूलबद्दल तो कागद काही सांगत नाही, आणि संशय म्हणजे पुरावा नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे 'गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं' म्हणून नमुन्याचा विषयच काढायचा नाही. आपल्याकडे हा मार्ग जास्त सभ्य वाटतो. पण तो त्या तिघांवर अन्याय करतो जे त्या दिवशी त्याच्याकडून हरले आणि रिकाम्या हाताने घरी गेले.

मला वाटतं नोंद लांब होऊ द्यावी, एवढंच आपण करू शकतो. म्हणजे असं काहीतरी: बेसिक कुदुखोव्ह, ओसेटियन, त्सखिनवालीत जन्म, रशियाकडून खेळला, २००७, २००९, २०१० आणि २०११चा जगज्जेता, दोन वजनगटांत, बीजिंग कांस्य, गावात युद्ध झालं त्याच महिन्यात, लंडन रौप्य, नंतर नमुना सदोष, त्याच्या मृत्यूमुळे निर्णय नाही. यातला कुठलाही तुकडा गाळला की उरलेलं वाक्य कोणाच्या तरी सोयीचं होतं. रशियाच्या सोयीसाठी 'ओसेटियन' गळतं. आपल्या सोयीसाठी चार जागतिक सुवर्णं गळतात. त्याच्या चाहत्यांच्या सोयीसाठी नमुना गळतो.

परदेशात राहून भारतीय खेळांबद्दल वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. आपल्या पदकांच्या गोष्टी आपण फार मनापासून सांगतो, पण प्रत्येक लढतीत दोन माणसं असतात आणि दुसऱ्याचं नाव आपण उच्चारही नीट शिकून घेत नाही. योगेश्वरने निदान एवढं केलं: बातमी त्याच्या फायद्याची होती तेव्हा त्याने समोरच्याला 'मोठा पैलवान' म्हटलं. ज्याने त्या पैलवानाची पकड स्वतःच्या अंगावर अनुभवली होती त्याचं ते मत होतं, आणि कुदुखोव्हबद्दल भारतात छापून आलेलं ते बहुधा सगळ्यात माहितीपूर्ण वाक्य असावं.

पुढच्या वेळी लंडन २०१२ची ती लढत कुठे बघायला मिळाली तर कांस्याच्या सामन्याआधी, योगेश्वर हरला ती लढतही बघा. फार तर चार-पाच मिनिटांची आहे. निळ्या-लाल कपड्यांतल्या त्या दोघांमध्ये आपला कोण हे आपल्याला माहीत आहेच. या वेळी दुसऱ्याकडे बघा.